शोकेसला बुटांचा वास

"बाबा, आपलं शोकेस खरंच सागवानाचं आहे का?"

विचारलं! डोळे मिटून, एका दमात, चप्पलसुद्धा न काढता दारात उभी राहून मी विचारून टाकलं.

बाबा खुर्चीत बसले होते. उजवा हात प्लॅस्टरमध्ये गळ्यात अडकवलेला, डाव्या हातात बिस्कीट, ते चहात बुडवलेलं. बिस्कीट तसंच बुडून राहिलं आणि मग त्याचा अर्धा भाग कपात विरघळून तळाला गेला. स्वयंपाकघरात आई दुधापाशी उभी होती. दुधापाशी उभं राहूनही तिचं दूध उतू गेलं, आणि हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

"म्हणजे काय!" बाबा म्हणाले. "सी.पी. आहे, सी.पी.! तुझ्या आबाजींनी दिलेलं आहे ते."

"काय विचारून राहिली ही पोरगी!" आई आतून ओरडली. "सागवान नाही तर काय पुठ्ठा आहे?"

मग बाबा कपात चमचा घालून बिस्कीट शोधू लागले. आई ओटा पुसू लागली, जो भाग कोरडा होता नेमका तोच.

आता मी दहावीत आहे आणि वर्गात सर "काही शंका?" म्हणायच्या आत माझा हात वर असतो. सर म्हणतात, "ताजने, तुझा हात काय छताला बांधलेला आहे का?" पण ही गोष्ट सातवीतली. तेव्हाची रुणाली ताजने म्हणजे "समजलं का?" म्हटलं की काहीही न समजता मान डोलावणारी मुलगी. त्यामुळे त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत माझ्या दोन्ही मैत्रिणींची खात्रीच होती की माझ्याच्यानं हे होणार नाही.

सुरुवात समीक्षानं केली होती. समीक्षा पडगेलवारच्या बाबांचं प्लायवूडचं दुकान आहे, त्यामुळे ती कुणाच्याही घरी गेली की टेबलाच्या कडेवरून बोट फिरवते. माझ्या वाढदिवसाला आली तेव्हा तिनं आमच्या शोकेसवरूनही बोट फिरवलं आणि ते नाकाला लावलं. पण बोलली ती त्या दिवशीच्या सुट्टीत, डबा खाताना.

"रुणू, तुमच्या शोकेसला शाळेच्या बुटांचा वास येतो गं."

"हट! सागवान आहे ते."

"सागवानाला बुटांचा वास येत नसतो. घरी विचारून दाखव नं."

"ही नाही विचारत जा," आमच्यातली तिसरी, नुझहत म्हणाली. "हिनं विचारलं तर मी आठवडाभर हिची पाण्याची बाटली भरून आणीन."

नुझहतनं बाटली इमानदारीत भरून आणली, पण माझी मात्र पंचाईत झाली. कारण उत्तर मिळूनही मला ते मिळाल्यासारखं वाटेना. "हो" एवढंच म्हणायचं तर बिस्कीट कशाला बुडायला हवं?

तुम्हाला आमचं शोकेस सांगायला हवं. हॉलची एक अख्खी भिंत त्यानं खाल्लेली. मधल्या खणात टीव्ही. तो खण जुन्या डब्याएवढ्या टीव्हीसाठी केलेला, त्यामुळे आताचा चपटा टीव्ही त्यात मोठ्या माणसाचा कोट घातलेल्या पोरासारखा दिसतो. दोन्ही बाजूंना सरकत्या काचा, आत कपबश्या, बाबांची बॅडमिंटनची ढाल, मी बालवाडीत परी झाले होते तो फोटो. खाली ड्रॉवर, त्यात कॅसेटी, सीडी आणि कुठल्याच यंत्राला न लागणाऱ्या वायरी. वर डाव्या कोपऱ्यात क्रोशाचा रुमाल आणि त्यावर चिनी मातीची बदकांची जोडी. ही बदकं कुणी हलवायची नाहीत. का, ते माहीत नाही. आईनं सांगितलं होतं, बस.

हे शोकेस आईच्या लग्नातलं आंदण. कुणी मागितलं नव्हतं. आबाजींनीच, म्हणजे आईच्या वडिलांनी, हौसेनं करवून घेतलं होतं. आबाजी एस.टी.चे ड्रायव्हर. त्यांनी नागभीडला एका सुताराकडून ते बनवून घेतलं आणि दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला नको म्हणून मित्राचा ट्रक मागून, स्वतः चालवत चंद्रपूरला आणलं. गाडी इतकी हळू आणली होती म्हणे की वाटेत बैलगाडीनं ओव्हरटेक केलं. तेव्हा आमच्याकडे आले की पाणी घेण्याआधी ते शोकेसजवळ जायचे, बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि म्हणायचे, "लोखंड आहे, लोखंड!"

आणि बाबा? बाबा लाकडाच्या डेपोत मोजणीला. दिवसभर सागवानाचे ओंडके मापतात. नुसत्या वासावरून झाडाचं वय सांगतात, निदान सांगतो असं म्हणतात. आमच्याकडचं सागवान जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसच्या नावावरून अजूनही 'सी.पी.' म्हणून ओळखलं जातं, आणि बाबा ही दोन अक्षरं अशी उच्चारतात जसा काही तो आमच्या घराण्याचा किताब आहे. पाहुण्यांना त्यांचं ठरलेलं वाक्य असतं, "सागवानाला वाळवी लागत नाही. कधीच नाही."

दर दिवाळीला शोकेस बाबाच साफ करत. दुसऱ्या कुणी नाही. त्या दिवशी ते आईला आणि मला बाजारात पिटाळत, हॉलचं दार आतून लावून घेत, आणि आम्ही पणत्या-बिणत्या घेऊन परत येईपर्यंत शोकेस असं चमकत असे की त्यात भांग पाडता यावा. आणि हो, हॉलमध्ये वास असे. समीक्षा म्हणेपर्यंत मला तो दिवाळीचा वास वाटायचा. उटणं, चकली आणि हा.

त्या वर्षी मात्र स्कूटरवरून घसरून बाबांचा हात मोडला होता.

"ह्या वर्षी राहू द्या नं," आई म्हणाली. "वरून फडकं मारलं की झालं."

"हो, हो. वरूनच," बाबा म्हणाले, इतक्या चटकन की जणू तिच्या बोलण्याची वाटच पाहत होते.

तेवढ्यात फोन वाजला. आबाजी! त्यांचा आवाज नेहमीच बस चालू असल्यासारखा मोठा, त्यामुळे स्पीकर लावायची गरज नसते.

"रुणू, माहे दोन्ही डोळे झाले! मोतीबिंदू गेला. आता एवढं लख्ख दिसते की भिंतीवरची पालसुद्धा लाजते. लक्ष्मीपूजनाले येऊन राहिलो. पह्यले माहं शोकेस पाहीन. किती वर्षं झाली, धड दिसलंच नाही मले ते."

मी टाळ्या वाजवल्या. मागे वळून बघते तर आई आणि बाबा दोघंही शोकेसकडे बघत होते, दवाखान्यात रिपोर्टची वाट बघतात तसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा प्लॅस्टर दाखवायला गेले आणि आई चकलीची भाजणी दळून आणायला. घरात मी एकटी. मी ठरवलं, दोघांना चकित करायचं. आबाजी नव्या डोळ्यांनी बघणार तर शोकेस लख्खच हवं!

काय कामाला लागले म्हणून सांगू. टीव्हीचा प्लग काढला, पडद्यावर नुसतं कोरडं मऊ फडकं फिरवलं. मागच्या वायरींवर धुळीची लोकर चढली होती, ती रंगाच्या ब्रशनं झाडली आणि सतरा वेळा शिंकले. काचा काढून ओल्या वर्तमानपत्रानं पुसल्या. काचा सरकतात त्या खाचांमध्ये जुना टूथब्रश घातला तेव्हा काय काय निघालं! टिकल्या, मुरमुरे, माझा दुधाचा दात. (दात होता, नक्की. नाहीतर मुरमुरा.) स्पीकरच्या जाळीवरून पावडरचा पफ फिरवला. मग वरची फळी. आणि वरच्या फळीवर बदकं.

हलवायची नाहीत. पण साफ तर करायची नं? मी बदकं उचलली. रुमाल उचलला, तर तो उचलला जाईना. लाकडाला चिकटला होता. मी जरा ओढला.

टक्.

रुमालाबरोबर लाकडाचा बोटभर टवका हातात आला. आणि त्याच्या खाली सागवान नव्हतं. पांढरट, भुरकट पापुद्रे होते, एकावर एक, खारीच्या बिस्किटासारखे. समीक्षाच्या दुकानात कापलेल्या प्लायची कड मी शंभरदा पाहिली होती. वरून कागदाएवढा पातळ सागवानाचा थर, आत प्लाय.

मी टवका परत बसवायला गेले तेव्हा मला दुसरी गोष्ट दिसली. टीव्हीच्या मागे, पाठीच्या फळीवर, मातीची एक बारीक रेघ खालून वर चढली होती, हाताच्या शिरेसारखी. मी बोटानं दाबलं. फळी पापडासारखी आत गेली.

वाळवी.

सागवानाला लागत नाही. कधीच नाही.

म्हणजे त्या सुतारानं आबाजींना फसवलं! आणि बाबा इतकी वर्षं सगळ्या गावाला सी.पी., सी.पी. सांगत आलेत. आईचं काय होईल? माहेरची एवढी एकच वस्तू ती हात फिरवून दाखवते. आणि आबाजी उद्या येणार, नवे डोळे घेऊन. एस.टी.तून रिटायर होताना मिळालेली घड्याळं-बिड्याळं ते कुणाला दाखवत नाहीत. दाखवतात ते हे शोकेस. हे कळलं तर ते कुणाकडे बघणार?

"रुणू!"

आई भाजणीचा डबा घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्या हातातला टवका पाहिला. मला वाटलं, आता ती किंचाळणार. तिनं डबा खाली ठेवला, दार लावलं आणि हळूच म्हणाली, "बाबा आले का?"

"नाही."

"बरं झालं. आण इकडे."

आणि माझी आई पदर खोचून, कपाटाच्या वरच्या कप्प्यातून गोंदाची बाटली काढून, अगदी सरावाच्या हातानं तो टवका बसवू लागली!

"आई! तुला माहीत होतं?"

"हळू बोल. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत माझ्या हातून समई पडली त्याच्यावर. टवका निघाला तेव्हाच कळलं." तिनं अंगठ्यानं टवका दाबून धरला. "तेव्हापासून दर दिवाळीच्या आधी चिकटवते. वर बदकं ठेवते, वजनाला."

"आणि बाबा?"

"त्यांना कळता कामा नये, समजलीस? सागवानाचा माणूस तो. डेपोत सगळ्यांना सांगून बसलेत. त्यांना काय वाटेल, सासऱ्यानं काय दिलं? आणि माझ्या बाबूजींना कळलं तर... नको बाई. त्यांना तर नकोच."

"पण आई, मागे वाळवी—"

तिनं मागे वाकून पाहिलं आणि मटकन सोफ्यावर बसली. मग उठली. "झेंडूच्या माळा आणल्यात नं? जरा जास्त सोडू ह्या बाजूनं."

मी गप्प राहायचं कबूल केलं. गप्प राहण्यात तर माझा हात कुणी धरला नसता.

संध्याकाळी बाबांनी मला गॅलरीत बोलावलं. आई चकल्या तळत होती. बाबांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि चपलांच्या रॅकमागून डाव्या हातानं एक डबी काढली. तपकिरी बूट-पॉलिशची.

"रुणू, माझा हात असा आहे म्हणून तुला सांगून राहिलो. उद्या सकाळी आई अंघोळीला गेली की हे शोकेसच्या कडांना लावायचं. नुसत्या कडांना. जुन्या मोज्यानं घासायचं. आणि आईला कळू द्यायचं नाही."

मी डबीकडे बघत राहिले. माझ्या दिवाळीचा वास!

"काहून, बाबा?"

त्यांनी डबी माझ्या हातात ठेवली. मग म्हणाले, "तू त्या दिवशी विचारलं नं, खरंच सागवान आहे का? नाही. ट्रकवरून उतरवतानाच कळलं मला. एक बाजू मी धरली होती. सागवान एवढं हलकं नसतं, बेटा."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"काय बोलू? मामाजी, म्हणजे तुझे आबाजी, ट्रकमधून उतरले तर अंगावरचा शर्ट घामानं भिजलेला. मला म्हणाले, जवाई, एक ओरखडा नाही येऊ दिला. आणि तुझी आई अशी बघत होती त्या शोकेसकडे..." ते हसले. "प्लायच्या कडा दिसायला लागतात गं, रंग उडाला की. म्हणून दार लावून पॉलिश मारतो. पण माझं काम पक्कं हं! डाव्या कोपऱ्यात एक टवका होता. पॉलिशनं असा बसवला, असा बसवला, की इतक्या वर्षांत हलला नाही."

मी ओठ दाताखाली धरले. बाबांचं पॉलिश! आणि तिकडे आईचा गोंद, आईची बदकं, आईचा अंगठा!

"बाबा, मागच्या फळीला वाळवी लागली आहे."

त्यांचा चेहरा उतरला. "कुठपर्यंत?"

"टीव्हीच्या मागे. अर्ध्यापर्यंत."

"स्पीकर सरकव त्या बाजूला. उद्याचा दिवस निघाला पाहिजे फक्त. मामाजींना कळायला नको, बस. बाकी काही नाही."

त्या रात्री मी अंथरुणात पडून उशीत तोंड खुपसून हसले आणि मग अचानक हसू थांबलं. उद्याचा दिवस नाही निघाला तर?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमचं शोकेस लग्नातल्या नवरदेवासारखं दिसत होतं. डाव्या बाजूनं झेंडूच्या इतक्या माळा की कपबश्या दिसेनात. उजव्या बाजूला स्पीकर, त्यावर फुलदाणी, त्यावर आकाशकंदिलाचा खोका. मोज्यानं कडा मी अशा घासल्या होत्या की हॉलमध्ये शिरलं की शाळा भरल्यासारखं वाटावं.

आबाजी आले. काळा चष्मा लावून, पिशवीत अनारसे घेऊन. मी नमस्कार केला. आई पाणी घेऊन धावली. त्यांनी पाणी हातानंच थांबवलं, काळा चष्मा काढला आणि शोकेससमोर उभे राहिले.

आई डावीकडे जाऊन उभी राहिली. बाबा उजवीकडे. अगदी देवळाच्या दारातले द्वारपाल.

"बाजूले व्हा नं गा," आबाजी म्हणाले. "पाहू द्या मले."

"मामाजी, आधी चहा घ्या," बाबा म्हणाले.

"बाबूजी, प्रवासातून आलात, हातपाय धुवा," आई म्हणाली.

आबाजी कुणाचं ऐकतात! त्यांनी दोघांच्या मधून हात घातला आणि टीव्हीच्या मागे पाठीच्या फळीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं.

पहिली टक् वाजली. दुसरी वाजलीच नाही. बोट आत गेलं.

आबाजींनी बोट बाहेर काढलं. त्याबरोबर पिठासारखा भुगा टीव्हीवर सांडला, मी एवढा लख्ख पुसलेल्या टीव्हीवर!

"दमट हवा आहे नं ह्या वर्षी," आई म्हणाली.

"जुनं झालं की सागवानही, मामाजी, कधी कधी—" बाबा म्हणाले.

"सागवानाले उधई लागत नाही, जवाई," आबाजी शांतपणे म्हणाले. "तुम्हीच सांगता." त्यांनी माळ बाजूला केली. खाली वाकून नव्या डोळ्यांनी कड पाहिली. बोट फिरवलं, नाकाला लावलं. "बुटाचा वास येऊन राहिला."

आणि ते मागे सरकत सरकत सोफ्यावर बसले. एवढे उंच आबाजी, बसल्यावर एकदम लहान दिसले. "फसवलं मले त्यानं," ते म्हणाले. "अन् मी इथं टकटक करत होतो."

आई रडायच्या बेतात. बाबा प्लॅस्टरच्या हाताकडे बघत होते. दोघांपैकी कुणीच बोलेना, कारण दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला हे आत्ता, ह्या क्षणी कळलंय, आणि त्याला सांभाळायला हवं. आणि मला, फक्त मला, सगळं माहीत होतं! कुणी पैज लावली नव्हती. समीक्षा नव्हती, नुझहत नव्हती, बाटलीचंही आमिष नव्हतं. गप्प राहायचं मी दोघांनाही कबूल केलं होतं. पण आबाजींचा चेहरा!

"आबाजी," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच अनोळखी इतका मोठा आला, "ह्या घरात फसलेलं कुणीच नाही. आईला लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीपासून माहीत आहे. बाबांना ट्रकवरून उतरवल्यापासून माहीत आहे."

"रुणू!" दोघंही एकदम ओरडले.

आणि मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?" आई म्हणाली.

"तुला माहीत होतं?" बाबा म्हणाले.

"मग सी.पी., सी.पी. काय करत होते सगळ्यांसमोर?"

"तुझ्यासाठी! तू सांगायची नं सगळ्यांना, बाबूजींनी सागवान दिलं म्हणून?"

"मी तुमच्यासाठी सांगत होते! आणि दरवर्षी तो टवका चिकटवत होते, बोटं दुखेपर्यंत!"

"टवका तू चिकटवत होती?" बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मी म्हणतो पॉलिशनं एवढा टिकतो कसा!"

"पॉलिश?" आई म्हणाली. "म्हणून माझा रुमाल दरवर्षी तपकिरी होतो! मी तो सोड्यात भिजवून भिजवून थकले!"

आणि आई हसायला लागली. आधी नाकातून, मग तोंडावर पदर धरून, मग पदरही सुटला. बाबा हसले तर त्यांचा मोडलेला हात दुखायला लागला, "आई गं" करत करत ते हसत राहिले. मी तर जमिनीवरच बसले.

आबाजी हसत नव्हते.

"म्हणजे," ते बाबांना म्हणाले, "मी टकटक केलं की तुम्ही चहा घ्या म्हणत होते, ते ह्याच्यासाठी?"

"हो, मामाजी. जास्त ठोकलं तर आवाजावरून कळेल, असं वाटायचं."

आबाजींनी चष्मा मांडीवर ठेवला. "मी काय समजत होतो, माहीत आहे? मी शोकेसजवळ गेलो की जवाई विषय बदलते. इतकी वर्षं. घरी जाऊन मी म्हणायचो, जवायाले माहं शोकेस आवडलं नाही. पोरीच्या भिडेनं हॉलमध्ये ठेवलं आहे. दरवेळी टकटक करायचो ते काय लाकडासाठी? एकदा तरी तुम्ही म्हणाल, हो मामाजी, चांगलं आहे."

बाबा उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. डाव्या हातानं त्यांनी आबाजींचा हात धरला, भुगा लागलेलाच.

"मामाजी, आवडलं नसतं तर दर दिवाळीला दार लावून त्याला बूट-पॉलिश केलं असतं का मी?"

आबाजींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. रडतच होते, आणि हसतही होते.

"बाबूजी, डोळे पुसू नका!" आई किंचाळली. "नवे आहेत! पाणी लावायचं नाही म्हणाले नं डॉक्टर!"

"मंग येऊन राहिलं पाणी तर मी काय त्याले ब्रेक लावू?" आबाजी म्हणाले, आणि आईनं स्वच्छ रुमाल गालावर टिपत टिपत त्यांना आवरलं.

मला आठवतं ते हे: त्यानंतर हॉलमध्ये सगळे जण मोठमोठ्यानं बोलत होते. इतकी वर्षं आमच्या घरात शोकेसजवळ आलं की आवाज बारीक व्हायचे, हे मला तो बारीकपणा गेल्यावर कळलं. बाबांनी कड दाखवून प्लाय कसा ओळखायचा ते आबाजींना समजावलं. आबाजींनी सुताराच्या नावानं एक शिवी दिली, मी आहे हे बघून दुसरी अर्धीच सोडली. आईनं आपली गोंदाची बाटली आणून ठेवली, बाबांनी आपली डबी. दोघंही दाखवताना असे खूश, जणू शाळेच्या प्रदर्शनात आपापलं मॉडेल मांडताहेत.

मग अनारसे खाता खाता पुढचं निघालं.

"काढून टाकू आता हे," आबाजी म्हणाले. "मी नवं करून देतो. यावेळी जवाई लाकूड निवडतील."

"नवं कशाला, मामाजी? आता टीव्ही भिंतीवरच लावतात," बाबा म्हणाले.

"भिंतीवर लावा, पण माझ्या कपबश्या कुठं जातील?" आई म्हणाली. "आणि वाळवीवालं घरात ठेवायचं नाही, हे मात्र खरं. भंगारवाल्याला सांगू."

"सांगू उद्या," बाबा म्हणाले.

मी उठून उभी राहिले. बदकांची जोडी उचलून, खालचा रुमाल काढून, ती परत डाव्या कोपऱ्यात ठेवली. ह्या वेळी रुमालाशिवाय, टवक्याच्या बाजूला, म्हणजे तो सगळ्यांना दिसेल असा.

"आई, बाबा, ऐका," मी म्हणाले. तिघंही थांबले. "शोकेस कुठंच जाणार नाही. मागची फळी तेवढी बदलायची, समीक्षाच्या बाबांकडून नवीन आणायची, आणि वाळवीचं औषध मारून घ्यायचं. आणि आजपासून दर दिवाळीला हे मी साफ करणार. बूट-पॉलिशनंच करणार. हॉलचं दार उघडं ठेवून."